सदाशिव पेठेत आता राहतं कोण?

‘पूर्वीचं पुणं राहिलं नाही’ हे वाक्य मी सगळ्यांत जास्त ऐकते ते पेठ सोडून गेलेल्यांकडून. गणपतीत येतात, गाडी लावायला जागा मिळेना म्हणून दोन चकरा मारतात, घामाघूम होऊन जिना चढतात आणि पाण्याचा पेला हातात पडायच्या आत सुरू होतात. इथे राहणाऱ्यांना त्यासाठी फारसा वेळ नसतो. सकाळचं पाणी भरायचं असतं, गेटसमोर स्कूटर लावून गायब झालेल्याला शोधायचं असतं, कचऱ्याची गाडी चुकवायची नसते.

मी १९८४ साली लग्न होऊन बार्शीहून या घरात आले. पेरूगेट आणि भिकारदास मारुती यांच्या मधला हा भाग. तेव्हा वाडा होता. पुढे भाडेकरूंची बिऱ्हाडं, मागे आम्ही, चौकात एक नळ आणि पार मागच्या भिंतीला ओळीने संडास. वाड्याच्या आठवणींवर पुण्यात इतकं लिहून झालंय की मी त्यात भर घालत नाही. एवढंच सांगते, पावसाळ्यात रात्री तिकडे जायचं तर एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बॅटरी लागायची, आणि ही कसरत ज्यांनी फार वर्षं केली नाही त्यांनाच वाडा जास्त आठवतो. १९९२ मध्ये वाडा पाडला. चार मजली बिल्डिंग झाली, मजल्यावर दोन फ्लॅट, लिफ्ट नाही. भाडेकरूंनाही त्यात जागा मिळाल्या. आमच्या वाट्याला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्या आल्या.

आज त्या आठ फ्लॅटपैकी तिनांत जुनी माणसं आहेत. बाकीच्या पाचांत मुली, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या. आमच्या तळमजल्यावरच्या खोल्यांत आणखी सहा जणी, कॉट बेसिसवर. त्यांच्या भाड्यातून आमच्या ह्यांच्या औषधांचा खर्च निघतो. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे त्यात माझा स्वार्थ आहे, हे वाचणाऱ्याने धरून चालावं.

सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठेत काय घडलंय ते विजेच्या खांबांवर वाचता येतं. ‘मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा’, ‘अभ्यासिका, चोवीस तास, वायफाय, आरओ’, ‘घरगुती डबा, तीन पोळ्या, भाजी, वरण-भात’. एका कागदावर दुसरा, त्यावर तिसरा. जिथे शिवणयंत्रं दुरुस्त व्हायची तिथे आता अभ्यासिका आहे. प्लायवूडचे खण, प्रत्येक खणात एक खुर्ची, एक दिवा, समोर भारताचा नकाशा आणि कुठल्या तरी अधिकाऱ्याच्या पाटीचा फोटो. रात्री बाराला दूध संपलं म्हणून खाली उतरले तर रस्त्यावर जत्रेइतकी वर्दळ. चहाच्या टपरीवर राज्यघटनेची कलमं ऐकू येतात. आमच्याकडच्या सहा जणींत परभणी, बीड, वाशीम, सांगोला असे चार मुलूख आहेत. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी येतात, पाच-सहा वर्षं राहतात. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, त्यामुळे एखादीची पोस्ट निघते तेव्हा पेढे येतात आणि बाकीच्या एक दिवस बॅग भरून, डिपॉझिट घेऊन, पाया पडून जातात. त्या गेल्यावर पलंगाखाली पुस्तकांचे गठ्ठे सापडतात. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत त्यांना फारसं कोणी विचारत नाही, अभ्यासक्रम बदललेला असतो.

परभणीच्या मुलीला मी एकदा विचारलं, “काय गं, झालीस का पुणेकर?” ती म्हणाली, “नाही काकू, आम्ही इथं निस्ता अभ्यास करायलोत.” तिला ओळख-बिळख काही नको होती. तिला कम्बाइनचा, म्हणजे एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेचा, कटऑफ हवा होता.

आता आमच्या सोसायटीची मीटिंग. मागच्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विषय ठेवला की यापुढे विद्यार्थ्यांना जागा द्यायची नाही. कारणं वाचून दाखवली. जिन्यात चपला. गॅलरीत वाळत घातलेले कपडे. रात्री-अपरात्री गेटची कडी. आणि पाणी. पाण्याचं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. चार माणसांच्या हिशेबाने बांधलेल्या फ्लॅटमध्ये दहा मुली राहिल्या तर वरची टाकी सकाळी आठलाच खडखडते. फ्लॅटचे मालक गावी, कोणी नांदेडला, कोणी जालन्याला. त्यांना इथल्या टाकीचं काय? मेंटेनन्स मात्र प्रत्येक फ्लॅटला सारखाच. मी म्हटलं, माणशी पाणीपट्टी लावा, माझ्या सहा जणींची मी पहिली भरते. काका म्हणाले, “प्रश्न पैशांचा नाहीये. ही सोसायटी आहे, लॉज नाही. या पेठेला एक संस्कृती होती.”

काकांचे वडील चिपळूणकडून शिकायला पुण्यात आले आणि सात घरी वार लावून जेवले, हे आम्हाला काकांनीच सांगितलेलं आहे, तेही अभिमानाने आणि पुष्कळदा. सोमवारचं जेवण अमक्यांकडे, मंगळवारचं तमक्यांकडे, एका घरी सुतक आलं की त्या दिवशी उपास. रविवारच्या घरी ताक फार पातळ असायचं, हा तपशीलही ठरलेला. अशी पोरं इतकी होती की १९०९ साली त्यांच्यासाठी पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं. १९१६ साली टिळक रोडला एस. पी. कॉलेज आलं तशी आणखी वाढली. खोली देणं आणि दोन वेळचं जेवण देणं हा या पेठेचा जुनाच व्यवसाय आहे. कधी पुण्य म्हणून केला, कधी पैशांसाठी, बऱ्याच वेळा दोन्ही मिळून. मी हे मीटिंगमध्ये बोलले तेव्हा काका म्हणाले, “ते वेगळं होतं.”

ते वेगळं होतंच. वार मिळायचा तो बहुतेक करून जातीतल्या मुलाला. माझ्या सासूबाई फार मायेच्या बाई होत्या, कोणाला उपाशी परत पाठवायच्या नाहीत, पण खोली बघायला कोणी आलं की त्यांचा पहिला प्रश्न आडनावाचा असायचा. आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव, गावावरूनही नाही आला तर ‘घरी नॉनव्हेज चालतं का?’ हा तिसरा प्रश्न अजून या पेठेत सर्रास चालतो, त्याच्या आडून काय विचारलं जातंय ते विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. मी आधार कार्ड घेते, एक महिन्याचं डिपॉझिट घेते आणि घरी फोन करून आईशी बोलते. बाकी काय खायचं ते ज्याचं त्याने. काकांची संस्कृती आणि माझी संस्कृती इथे फाटा फुटून वेगळ्या होतात.

पेरूगेटपासून भिडेवाडा चालत दहा-पंधरा मिनिटांवर. म्हणजे होता. दगडूशेठ गणपतीसमोरचा तो पडका वाडा डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने उतरवला. कितीतरी वर्षं कोर्टात अडकला होता, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आता तिथे स्मारक व्हायचं आहे. १८४८ च्या जानेवारीत जोतिराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा काढली, हे सगळ्यांना पाठ असतं. शेणमातीचं सगळ्यांना माहीत असतं. जागा तात्यासाहेब भिड्यांनी दिली, हे त्या मानाने कोणी सांगत नाही. पेठेतल्याच एका घरमालकाने मुलींना शिकायला खोल्या दिल्या होत्या, आणि शेजारपाजारच्यांनी तेव्हाही काहीतरी म्हटलं असणारच. मी मीटिंगमध्ये हे मात्र बोलले नाही. बोलले असते तर काकांना वाटलं असतं मी स्वतःला कोणीतरी समजते.

(ठराव बारगळला. मेंटेनन्स माणशी करायचा विषयही बारगळला. चपलांसाठी लोखंडी मांडणी आणली, ती सर्वानुमते.)

माझ्या धाकट्या दिरांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. २००६ साली त्यांनी तो विकून धायरीला मोठी जागा घेतली. गच्ची, पार्किंग, मुलाला वेगळी खोली. चांगलंच केलं, मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. फ्लॅट घेतला नांदेडच्या एका गृहस्थांनी, मुलीच्या यूपीएससीसाठी. मुलगी गेली, फ्लॅट राहिला, त्यात आठ कॉट पडल्या. आमच्या बिल्डिंगमधलं पहिलं गर्ल्स होस्टेल ते. आणि ‘वहिनी, आपलं पुणं राहिलं नाही हो’ हे दर गणपतीत मला ऐकवतात ते हेच भाऊजी.

मी त्यांना एकदा म्हटलं, “भाऊजी, तुम्ही विकलंत म्हणून राहिलं नाही.” ते हसले, पण जाऊबाईंना लागलं. नंतर दोन दिवस फोन नव्हता.

धायरीची गंमत पुढेच आहे. एका महाशिवरात्रीला आम्ही धारेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो. पारावर एक आजोबा बसले होते, पांढरी टोपी, धोतर. जाऊबाईंच्या ओळखीचे निघाले. मला विचारलं, कुठल्या तुम्ही? म्हटलं, सदाशिव पेठेतली. “म्हंजी पुण्याच्या.” मग हाताने दाखवत गेले. ही तुमच्या पाहुण्यांची बिल्डिंग उभी आहे ना, हितं आमची ज्वारी असायची. त्या पलीकडं विहीर. तिकडं चुलत्याचं रान. सगळं गेलं, पैसे आले, पैसेही गेले. आणि मग म्हणाले, “पुण्याची माणसं आली अन् गाव गेलं.” माझे दीर शेजारीच उभे होते. माणसं म्हणजे तेच.

धायरीचा उरलेला भाग २०१७ साली महापालिकेत आला. कागदोपत्री भाऊजी तेव्हा कुठे परत पुणेकर झाले. मधली वर्षं त्यांची बिल्डिंग टँकरच्या पाण्यावर जगत होती, आणि उन्हाळ्यात टँकर अजून येतोच. खडकवासला धरण त्यांच्या गच्चीपासून जवळ, माझ्या नळापासून लांब. नळाला पाणी मात्र मला येतं. हे कोणत्या न्यायाने, ते आजोबांना समजावून सांगायला मला जमलं नसतं.

मला कधी कधी वाटतं, ही पेठ पेशव्यांनी वसवली आणि तिला सदाशिवरावभाऊंचं नाव दिलं, तेव्हा कसब्यातले जुने लोक काय म्हणाले असतील? कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पाणी आणून ठिकठिकाणी हौद बांधले, त्यातलं पाणी या नव्या वस्तीलाही. कसब्यातले तांबट, बुरूड, कुंभार म्हणाले असतील, आली बघा कोकणातली माणसं. पुण्यात जो येतो तो दोन पिढ्यांत मूळचा होतो आणि तिसऱ्या पिढीपासून पाट्या लावतो. पाट्यांचं कौतुक मला नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याचंही नाही, बार्शीहून आलेल्या नव्या सुनेला भर उन्हात सुई-दोऱ्यासाठी ताटकळायला लावणारी ती पद्धत होती. ज्या चितळ्यांच्या दुकानावरून सगळे विनोद झाले, तेसुद्धा २०१७ पासून दुपारी उघडं राहायला लागलं. विनोद चालूच आहेत.

पेठ आयटीमुळे रिकामी झाली असं आता म्हणतात. त्याच्या खूप आधी, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसब्यातले वाडे कोसळले. आमच्या सासऱ्यांच्या बहिणीचं घर नारायण पेठेत होतं. त्यांना भांडी सापडली, भिंत सापडली नाही. त्यांचं बिऱ्हाड सहकारनगरला गेलं. तेव्हा तिकडे रात्री कोल्हे ओरडायचे म्हणे. त्यांची नातवंडं आता सहकारनगरचे जुने रहिवासी आहेत आणि त्यांच्याकडेही रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू आहेत, बंगले पाडून दहा मजले. त्यांचंही म्हणणं तेच, की पूर्वीचं सहकारनगर राहिलं नाही.

ही मुलं नकोत म्हणणाऱ्यांना मी २०२० ची आठवण करून देते. मार्चमध्ये पहिल्यांदा करोनाची बातमी आली तशा आमच्या सहाही जणी मिळेल त्या गाडीने गेल्या. आठवड्याभरात आख्खी पेठ ओस पडली. अभ्यासिकांना कुलपं, खानावळी बंद, झेरॉक्सवाले बंद. आम्हा जुन्या पुणेकरांना हवं असलेलं शांत पुणं एकदाचं मिळालं. आणि मग दिसलं की बिल्डिंगमध्ये उरलोत कोण, तर साठीच्या पुढची सात माणसं, त्यांतल्या चौघांना रक्तदाब. ऑनलाइन औषधं कोणाला मागवता येत नव्हती. भाजीवाला गल्लीत यायचा बंद झाला, सात माणसांसाठी तो कशाला येईल? बीडची मुलगी गावाहून फोन करून माझ्या फोनवर ॲप कसं टाकायचं ते सांगत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना ऑक्सिमीटर लागला तेव्हा तो आणून दिला वाशीमच्या मुलीच्या भावाने, जो तेव्हा कर्वेनगरला अडकला होता. काका हे विसरलेले नाहीत. फक्त ते वेगळ्या खात्यात टाकतात.

२०२१ च्या मार्चमध्ये परीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली, तेव्हा शास्त्री रोडवर पोरं रस्त्यात बसली. ऑगस्ट २०२४ मध्ये बँकेची आणि राज्यसेवेची परीक्षा एकाच दिवशी आली, तेव्हा पुन्हा बसली. आमच्या मुली दोन्ही वेळा गेल्या, म्हणजे त्या त्या वेळच्या. पेठेतले लोक ट्रॅफिकबद्दल बोलत होते. गणपतीत आणि पालखीत हेच रस्ते बंद असतात, तेव्हा आम्ही खुर्च्या टाकून बसतो.

आमचा वाणी मात्र सगळ्यांपेक्षा शहाणा. त्याच्याकडे पूर्वी मेतकूट, भाजणी आणि आंबोशी एवढंच असायचं. मी नवी होते तेव्हा येसर, म्हणजे आमच्याकडचं आमटीचं मसाल्याचं पीठ, विचारला तर त्याच्या वडिलांनी ‘हा काय प्रकार?’ म्हणून माझ्याकडे पाहिलं होतं. बार्शीहून आईने डब्यात भरून पाठवलेला येसर मी वर्षभर पुरवून वापरायची आणि सासूबाई आमटीला गूळ घालायच्या. आता त्याच्या दुकानात येसर, काळं तिखट, शेंगाचटणी आणि कारळाची चटणी पहिल्या फळीवर आहे, मेतकूट खालच्या. विचारलं तर म्हणाला, “काकू, मेतकूट खाणारे धायरीला गेले.” ज्वारीची भाकरी आता पेठेत चार ठिकाणी मिळते. इतक्या वर्षांत या पेठेत मला घरच्यासारखं वाटायला लागलं ते या पोरींमुळे, हे मी सासरच्या कोणाला अजून सांगितलेलं नाही. आता वाचतील.

मेट्रोबद्दल मला काही म्हणायचं नाही, मला ती आवडते. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाला तसं मंडईचं स्टेशन जवळ पडायला लागलं. गुडघे दुखतात, सरकता जिना आहे. पिंपरीला बहिणीकडे जायला पूर्वी अर्धा दिवस मोडायचा.

आता खरा पेच. नव्या नियमांत एफएसआय, म्हणजे जागेवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण, वाढला म्हणून आमच्या बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटचं चाललंय. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दिवाळीपासून खाली उतरलेल्या नाहीत, त्यांना लिफ्ट हवी आणि ती त्यांना मिळायलाच हवी, त्यावर दुमत नाही. बाहेरगावचे पाचही मालक तयार आहेत, भाव वाढेल. तीन वर्षं भाड्याने कुठेतरी जायचं, बिल्डर भाडं देणार. काकांनी आधीच कोथरूडला जागा बघून ठेवली आहे आणि तिकडून परत येण्याबद्दल ते काही बोलत नाहीत. बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन आला होता. मी विचारलं, तळमजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या कुठे आहेत यात? तो म्हणाला, “मॅडम, ग्राउंडला पूर्ण पार्किंग येणार. तो एरिया तुम्हाला वरच्या फ्लॅटमध्ये ॲड करून देतो. मास्टर बेडरूम मोठी होईल.” आमच्या दोघांना मोठ्या मास्टर बेडरूमचं काय करायचंय? मला वेगळं दार असलेल्या दोन खोल्या हव्यात, एक मोरी आणि सहा कॉट बसतील एवढी जागा. तो म्हणाला, अशी रिक्वायरमेंट पहिल्यांदाच आली.

मुलींना कुणकुण लागलीच. सांगोल्याची विचारत होती, “काकू, आम्ही जूनपर्यंत तरी आहोत ना? मेन्स आहे.” म्हटलं, जूनपर्यंत आहात. बिल्डरला लेखी मागितलंय, उत्तर आलेलं नाही. तोवर मी सही करत नाही. काका माझ्याशी जिन्यात बोलेनासे झालेत, काकू मात्र वरून टोपली सोडून मुलींकडून कोथिंबीर मागवतात.